बाबांच्या तबकड्यांची यादी पुन्हा बोलती करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पैसे तर तुम्ही घेतले नाहीतच, पेढ्यांचा बॉक्ससुद्धा गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. बऱ्याच घरांत एखादा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात पडून असेल, त्यात घरातल्या कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असेल. त्यांनाही कळू दे तुम्ही काय केलंत ते.

बाबांनी जुन्या बाजारातून, मोडणाऱ्या वाड्यांच्या अडगळीतून ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या गाण्यांच्या जुन्या तबकड्या जमवल्या. दोन कपाटं भरली. जयपूर-अत्रौली घराण्यावर त्यांचा जीव. त्या घराण्याचे संस्थापक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं कोल्हापुरात राहिले, तेव्हा हे आपल्या गावाचं गाणं, असं ते अभिमानानं सांगायचे. या सगळ्याची यादी त्यांनी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये केली होती. ते गेल्यावर कपाटं उघडी राहिली, यादी मात्र बंद पडली. एका दुकानात कॉम्प्युटर दाखवला तर भंगारात घाला, नवा घ्या, एवढंच उत्तर मिळालं. तुम्ही कॅबिनेट उघडून धूळ झटकलीत आणि म्हणालात, "टाकायलीस कशाला? जीव हाय की अजून ह्येच्यात."

तुम्ही सगळ्यात आधी बदललात तो मदरबोर्डवरचा बटनासारखा सेल, सीआर २०३२. तो संपल्यामुळं प्रत्येक वेळी चालू करताना तारीख कित्येक वर्षं मागं जात होती. आता नोंद कधी केली, कधी दुरुस्त केली, हे बरोबर कळतं. मग तुमच्या घरच्या डब्यातली रॅमची पट्टी बसवलीत. विंडोज एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबलेत, म्हणून ते काढून डेबियन लिनक्सची ३२ बिटची आवृत्ती घातलीत आणि वर लिबरऑफिस बेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम. बेसच्या आतल्या डेटाबेसला जावा लागतं, तेही घातलंत. त्याआधी बाबांच्या फाइल्स दोन पेनड्राइव्हवर उतरवल्यात, आणि दोन्हींतून त्या उघडतात का हे बघितल्याशिवाय हार्डडिस्कला हात लावला नाहीत. त्या क्षणी मला पहिल्यांदा धीर आला.

बाबांची डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची फाइल उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल. मला वाटलं, संपलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की यातलं काहीही गेलेलं नाही. जुन्या मराठी फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा, फाँट नसला की खालचं रोमन दिसतं. पण पुढचं जे दाखवलंत ते मी विसरणार नाही. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्याच क्रमानं, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. त्यामुळं अकारविल्हे लावलं की बिहाग, तिलककामोद, हिंडोल, शिवमत भैरव हे सगळे राग एकाच जागी गोळा होतात, कारण यंत्राच्या लेखी त्यांचं पहिलं अक्षर एकच, वेलांटी. बाबा नेहमी कुरकुरायचे, "बिहाग ब मध्ये सापडत नाही." त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. युनिकोड या आताच्या सर्वमान्य पद्धतीत आधी ब, मग वेलांटी. रूपांतर झाल्यावर बिहाग ब मध्ये येऊन बसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रफारांनी मात्र दमवलं. दुर्गा रागाचा रफार दर वेळी भलत्याच अक्षरावर, आणि माझ्या शेजारी बसून तो तुम्ही एकेक करून हातानं सरळ केलात.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता एका तक्त्यात सगळं ओतायचं. तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात आणि वही मागितलीत. "आधी लिही, तुझं बाबा ह्या यादीला काय काय इचारायचं." मी लिहीत गेले: हा राग कुणाकुणाचा आहे? ही तबकडी दुसऱ्यांदा तर घेत नाही ना? खाँसाहेबांच्या तालमीतल्यांचे बिहाग किती? तक्ते त्या प्रश्नांतून निघाले. साखर कारखान्यात तुम्ही ऊसबिलं काढलीत, तिथला दाखला दिलात: एका सभासदाच्या हंगामात कितीतरी खेपा येतात, दर खेपेला त्याचं नाव-गाव लिहीत बसलो असतो तर काटा तुंबला असता. सभासदाचा नंबर एकदा, खेपा वेगळ्या. तसंच इथं तबकडी एकदा, बाजू वेगळ्या. गायकांचा तक्ता वेगळा, रागांचा वेगळा, आणि बाजूच्या नोंदीत राग टाइप करायचाच नाही, यादीतून निवडायचा. नाहीतर एकदा बिभास, एकदा विभास, आणि शोधताना निम्मे हाती लागत नाहीत.

घराण्याच्या रकान्याशी आपण अडलो. गायक मल्लिकार्जुन मन्सूर आधी नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले, मग अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे, ते गेल्यावर त्यांचे भाऊ भुर्जी खाँ यांच्याकडे. एकच घराणं लिहिलं तर त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर अन्याय होतो. केसरबाई केरकरांचंही तेच, गुरू रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले आणि मग अल्लादिया खाँसाहेब. तुम्हाला गाण्यातलं फारसं कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण उत्तर तुम्हीच दिलंत: गायकाच्या नोंदीतून घराणं काढून टाक, "कोण कुणाकडं शिकलं" एवढंच सांगणारा आणखी एक तक्ता कर. एका ओळीत एक शिष्य, एक गुरू. जितके गुरू तितक्या ओळी. गाण्यातल्या माणसांना तालीम जशी आठवते, तशीच ती आता तक्त्यात आहे. बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं.

वीज जाण्याबद्दल तुम्ही दिलेली ताकीद मी पाळते. फॉर्ममधली नोंद सेव्ह झाली म्हणजे फाइल सेव्ह झाली असं नाही, बेसमध्ये ती वेगळी करावी लागते. उठण्याआधी फाइल सेव्ह, मग पेनड्राइव्हवर तारखेच्या नावानं प्रत.

काका, तुम्ही एका बैठकीत हे सगळं स्वतः करून मोकळे झाला असतात. तसं न करता माउस माझ्या हातात ठेवलात, मी अडले की गप्प बसून वाट बघितलीत. त्याचं फळ असं की आता मी लाँगप्लेची, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांची कपाटं काढली आहेत. ७८ च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असायचं, लाँगप्लेच्या एका बाजूला दोन-तीन राग येतात, त्यामुळं बाजूंचा तक्ता पुरेना. मी बाजूखाली गायनाचा आणखी एक तक्ता जोडला आहे आणि जुन्या सगळ्या नोंदी त्यात हलवल्या आहेत. शोधून बघितलं, बिहाग सगळे येतात. तरी रविवारी सवड काढून या आणि जोडण्या एकदा नजरेखालून घाला. चहा आमच्याकडंच.

तुमची,
मंगळवार पेठेतली पुतणी