चावी परत देणाऱ्या फेरीबोटीवरच्या काकांना

काका, नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही आणि मी तुम्हाला आठवत असेन असंही वाटत नाही. जूनमध्ये आपल्या गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर, भुरभुर पावसात, एक पांढरी गाडी उतारावर मध्येच थांबली नि मागं ही मोठी लाईन लागली, ती बाई मी.

गाडी बंद पडली नव्हती हो, मीच बंद केली होती. ओहोटी होती त्यामुळे उतार आणखी उभा, खाली शेवाळ, आणि बोटीची लोखंडी फळी नि धक्का यांच्यामधल्या फटीत पाणी डचमळताना दिसत होतं. त्या फटीची माझी जुनी ओळख. १९८६च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, नवीन व्हायला १९९२ उजाडलं, तोवर बेतीच्या फेरीला कोण गर्दी! त्या गर्दीत बाबांचा हात धरून चढताना माझी डाव्या पायातली चप्पल फटीतून खाली गेली. बाबांनी लगेच दुसरी घेऊन दिली, पण मी रात्री झोपेत पाय ओढून घ्यायचे असं आई सांगते.

पलीकडच्या चोडण बेटावर शाळेत बदली झाली तेव्हा सगळे म्हणाले, लकी आहेस, फेरीत बसलीस की पोचलीस. मी वर्षभर डिचोली-मयेवरून वळसा घालून गेले आणि घरी सांगत राहिले की फेरीला गर्दी असते.

मदत करणारे कमी नव्हते. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर म्हणाले, मॅडम, फेरीबिरीच्या भानगडीत पडूच नका. नवरा म्हणाला, दे चावी, मी चढवतो, आणि दोनदा चढवूनही दिली. भावानं तर व्हिडिओ काढला, तो फॅमिली ग्रुपवर अजून फिरतोय. प्रेमानंच करतात सगळे (भाऊ सोडून), पण चावी माझ्या हातातून गेली की पुढच्या खेपेला तो उतार आणखी दोन हात खोल वाटायचा.

म्हणून तुम्ही खिडकीशी आलात तेव्हा मी सवयीनं चावी काढून पुढं केली. तुम्ही घेतलीत, पावसानं ओली झालेली ती शर्टाला पुसलीत, आणि परत माझ्याच हातात ठेवलीत. "भियेनाकात बाय. तुमी हाडात, हांव फुडें आसां." घाबरू नका, तुम्ही आणा, मी पुढं आहे, एवढंच. मग चपला काढून बाजूला ठेवल्यात आणि गाडीच्या चार हात पुढं उलट्या पावलांनी चालायला लागलात. मागून हॉर्नवर हॉर्न, तुम्ही नुसता एक हात वर केलात, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी फटीकडे बघायचं सोडून तुमच्या हाताकडे बघत गाडी आणली. घरी गेल्यावर डोक्यात आलं की माझा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला असता तर आधी तुम्हीच पाण्यात गेला असता, आणि हे तुम्हाला माहीत होतं.

बोटीत हात थरथरत होते. समोर पक्षी अभयारण्याची खारफुटी, डॉ. सलीम अलींच्या नावाचं ते, १.७८ चौरस किलोमीटर, मुलांकडून पाठ करून घेते मी, पण पाण्यावरून कधी धड बघितलंच नव्हतं.

भीती गेली वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशीही पोटात गोळा, तिसऱ्या दिवशीही. मग एकदा लक्षात आलं की लाईनीत थांबून मी आरामात वह्या तपासतेय. कॉलेजात शिकलेलं, मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या पोराचं लिहून ठेवलंय, तो खात असताना ससा रोज थोडा जवळ आणायचा, शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू द्यायला लागला. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं मी हे! कळलं धक्क्यावर.

वर्गात एक मुलगा आहे, वाचताना अडखळतो. त्याचं वाक्य मीच पुरं करायचे, बिचाऱ्याला लाज नको म्हणून. आता नाही करत. बाकीची पोरं खुसखुसली की हात वर करते, तुमच्यासारखा, आणि थांबते. परवा त्यानं अख्खा परिच्छेद वाचला, तालुक्यातून आलेले साहेब घड्याळ बघत होते, बघू देत.

फेरी उशिरा आली की आपण किती बोंबलतो, आणि पावसात दिवसभर दोर टाकणाऱ्याला साधं थँक्यू म्हणत नाही, मीसुद्धा त्या दिवशी म्हटलं नाही, घसाच बंद झाला होता. तुमच्यासारखी साधी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं. चतुर्थीला नेवऱ्या घेऊन आले होते, तुमची ड्युटी नव्हती, तुमच्याबरोबरच्या दादांकडे दिल्या. मिळाल्या ना? डबा स्टीलचा आहे, झाकणावर सासूबाईंचं नाव आहे, तेवढा परत मिळाला तर बरं होईल. मी रोज सकाळच्या फेरीला असते, गाडी तीच.