रॅम काढायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

माझ्या मामांचा मंद झालेला जुना कॉम्प्युटर तुम्ही पुन्हा पळता केलात, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता आणि जेवणं झाली का विचारता. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि तेही जाहीर. ज्यांच्या माळ्यावर एखादा जुना पेंटियम कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून ठेवलेला असेल, त्यांच्याही ते उपयोगी पडावं अशी मनापासून इच्छा आहे. तुमचं नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळते आहे.

तुमची-माझी ओळख ती काय! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमचे थोरले दीर लॅमिंग्टन रोडवर कित्येक वर्षं मशीन जोडत होते, त्यांना विचारून बघ," आणि नंबर दिला. मी बिचकतच फोन केला. तुम्ही पहिल्या दिवशीच विचारलंत, "मशीन कुणाचं? कधीचं? आणि हळू कधीपासून झालं?" हा तिसरा प्रश्न त्याआधी मला कुणीच विचारला नव्हता.

मशीन माझ्या मिरजेच्या मामांचं. १९९८ साली त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून मुंबईत असेंबल करून घेतलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला आणलं. पेंटियम एमएमएक्स, २०० मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम (काम चालू असताना वापरायची मेमरी), चौदा इंची मॉनिटर. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं पाळी लावून त्यावर एनएफएस टू, म्हणजे 'नीड फॉर स्पीड' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, खेळायचो. यंदा मामांनी घराचं काम काढलं, माळा रिकामा केला आणि कॉम्प्युटर मला दिला. पुण्याला आणून लावला तर तो चक्क चालू झाला! पण एनएफएस सुरू केला की गाडी चिखलातून चालल्यासारखी. वळण आधी हाताला कळायचं, पडद्यावर मागाहून दिसायचं.

ज्यांना विचारलं त्यांची उत्तरं ठरलेली होती. "फॉरमॅट मार." "व्हायरस असेल." "थर्मल पेस्ट वाळली असेल." आणि सगळ्यात जास्त वेळा, "तेव्हाही तो असाच चालायचा, आपल्याला तेच फास्ट वाटायचं." हे शेवटचं ऐकून मला फार वाईट वाटायचं. मी मामांना फोन केला तर तेही म्हणाले, "नाही गं, आधी छान पळायचा. मधेच कधीतरी बसला." मी हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "मामा म्हणतात ना, मग तसंच असणार. वापरणाऱ्या माणसाला कळतं." काका, माझ्या लेखी अर्धं काम तिथेच झालं होतं.

थर्मल पेस्टचं, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर जावी म्हणून त्यावर लावतात त्या लेपाचं, तुम्ही लगेच निकालात काढलंत. आताचे प्रोसेसर तापले की आपणहून वेग कमी करतात, पण पेंटियम एमएमएक्सला ती सोय नाही. तो तापला की हळू होत नाही, सरळ हँग होतो. मशीन हँग होत नाही, म्हणजे उष्णतेचा संबंध नाही. दोन वाक्यांत तुम्ही मला पंखा, हीटसिंक आणि पेस्टच्या खर्चातून सोडवलंत. तरी पंखा एकदा पुसून घे म्हणालात, तो घेतला.

मग बॅटरी. तारीख दर वेळी मागे जात होती, म्हणून सीआर २०३२ बदलायला लावलीत, आणि डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जायला सांगितलंत. बॅटरी गेली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि काही मदरबोर्डांवर त्यात कॅशे, म्हणजे रॅमच्या आधीची छोटी वेगवान मेमरी, बंदही होऊन बसतो, हे मला तेव्हा कळलं. एक्स्टर्नल कॅशेपुढे 'एनेबल्ड' दिसलं. म्हणजे इथेही काही नव्हतं.

त्यानंतर तुम्ही माझ्या तक्रारीचे दोन भाग केलेत. "खेळ मधेच अडखळतो की सतत मंद चालतो?" खरं तर दोन्ही होत होतं. अडखळण्याचं कारण तुम्ही हार्ड डिस्कपाशी शोधलंत. विंडोज ९८ मध्ये डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्क ड्राइव्ह, त्याच्या सेटिंगमध्ये डीएमएची चौकट. तिथे टिक नव्हती. ती टिक नसली तर डिस्कवरचा मजकूर मेमरीत नेण्याची हमाली प्रोसेसरलाच करावी लागते, आणि तेवढा वेळ खेळ थांबून राहतो. टिक केली, मशीन रीस्टार्ट केलं, आणि मधले झटके गेले. मी आनंदाने फोन केला. तुम्ही म्हणालात, "झटके गेले, चांगलं झालं. पण मंदपणा गेला का?" तो गेला नव्हता. मी तेवढ्यावर समाधान मानलं असतं, तुम्ही मानू दिलं नाहीत.

आता मोजायचं, असं तुम्ही म्हणालात. एनएफएसने मोजता येत नाही, कारण प्रत्येक शर्यत वेगळी. म्हणून तुम्ही १९९६ सालचा क्वेक हा खेळ लावायला सांगितलात. त्यात तीच ती रेकॉर्ड केलेली धाव जमेल तितक्या जोरात पळवून दाखवणारी आज्ञा आहे. टिल्ड (~) दाबायचं, 'टाइमडेमो डेमो१' टाइप करायचं, आणि शेवटी किती फ्रेम (पडद्यावरची चित्रं), किती सेकंद, सेकंदाला किती फ्रेम, ते बघायचं. फ्रेमचा आकडा ९६९ यायला हवा, नाही आला तर मोजमाप धरायचं नाही, हेही तुम्ही बजावलंत. आणि क्वेकच का, तर तो डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीतही चालतो आणि त्याची विंडोजमधली आवृत्तीही आहे. एकच धाव, एकच मशीन, दोन ठिकाणी.

डॉसमध्ये आकडा उत्तम आला. विंडोजमध्ये तो धाडकन खाली. तुम्ही म्हणालात, "विंडोजमध्ये थोडा कमी येतोच. पण एवढा? नाही." मग तुम्ही स्पीडसिस हा मेमरीचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवायला लावलंत आणि त्याच्या आलेखाचा फोटो मागवलात. आलेख पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत होता. पहिली पायरी प्रोसेसरमधल्या कॅशेची, दुसरी बोर्डावरच्या कॅशेची, तिसरी रॅमची. दुसरी पायरी जागेवर होती, म्हणजे कॅशे जिवंत होता. मला वाटलं, आता वाटा संपल्या. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "चालू होताना मेमरी किती मोजतो?"

मी पुन्हा चालू करून पाहिलं. काळ्या पडद्यावर आकडा पळत पळत ९८३०४ वर थांबत होता.

"म्हणजे ९६ एमबी. मामांनी तर ३२ घेतली होती ना? आता डबा उघड आणि प्रोसेसरजवळच्या मोठ्या काळ्या चौकोनी चिपचा फोटो पाठव."

प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. चिपवर धुळीचा थर होता. बोटाने पुसला तेव्हा खालून अक्षरं वर आली : ८२४३९ टीएक्स. फोटो पाठवला आणि तुमचा लगेच फोन आला. तुमच्या आवाजातला तो आनंद मी विसरणार नाही. "सापडलं! हा ४३० टीएक्स चिपसेट आहे, प्रोसेसर आणि मेमरीमधली ये-जा सांभाळणारा. याचा कॅशे फक्त पहिल्या ६४ एमबीपुरता."

त्या संध्याकाळी तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण हे कळलेली माणसं आता थोडीच उरली असतील. रॅम प्रोसेसरच्या मानाने संथ असते. म्हणून बोर्डावर थोडी वेगवान मेमरी बसवलेली असते, माझ्या बोर्डावर ५१२ केबी. नुकतंच वापरलेलं तिथे ठेवायचं, म्हणजे दर वेळी रॅमपर्यंत जावं लागत नाही. पण कॅशेमध्ये ठेवलेला तुकडा रॅमच्या कुठल्या पत्त्यावरचा, याची नोंद ठेवावी लागते, आणि ती नोंद टॅग रॅम नावाच्या छोट्या मेमरीत असते. "वहीत पान नंबर लिहायला दोनच घरं आखली," तुम्ही म्हणालात, "तर नव्व्याण्णवच्या पुढचं पान लिहिणार कुठे?" ४३० टीएक्समध्ये नोंदीची घरं ६४ एमबीपर्यंतच्या पत्त्यांनाच पुरतात. बोर्ड २५६ एमबी रॅम घेतो, ती दाखवतो, वापरतोसुद्धा. फक्त ६४ च्या वरचं काहीही बोर्डावरच्या कॅशेत जात नाही.

आणि विंडोज ९८ मेमरी वापरायला घेते ती वरच्या टोकाकडून. म्हणजे माझ्या मशीनमध्ये विंडोज आणि त्यावरचा खेळ नेमके त्या कॅशे नसलेल्या ३२ एमबीत जाऊन बसत होते. डॉसमधला क्वेक खालच्या मेमरीत मावत होता, म्हणून तो सुसाट. मामांनी पुढे रॅम स्वस्त झाल्यावर ६४ ची एक पट्टी वाढवून घेतली होती. त्यांना आता आठवलं, की "तेव्हापासूनच बसला बहुतेक." रॅम वाढवून कॉम्प्युटर मंद होईल अशी शंका तरी कुणाला येणार?

तरीही तुम्ही लगेच पट्टी काढ म्हणाला नाहीत, आधी पडताळा घ्यायला लावलात. रन मध्ये एमएसकॉन्फिग, त्यात ॲडव्हान्स्ड, आणि 'लिमिट मेमरी'पुढे ६४. हेच सिस्टिम डॉट आयएनआय या विंडोजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने लिहायचं तर मॅक्सफिजपेजपुढे ४००० लिहायचं, कारण तो आकडा सोळाच्या पायाचा असतो, आपल्या नेहमीच्या दहाच्या पायात १६,३८४ : मेमरीची तेवढी पानं, प्रत्येक पान ४ केबीचं, मिळून बरोबर ६४ एमबी. असा हिशोब कुणी मला आयुष्यात इतक्या प्रेमाने मांडून दाखवला नव्हता.

रीस्टार्ट केलं, क्वेक लावला, ९६९ फ्रेम पळाल्या. विंडोजमधला आकडा उडी मारून डॉसच्या आकड्याच्या शेजारी येऊन बसला.

मगच तुम्ही म्हणालात, "आता ३२ ची पट्टी काढ, ६४ ची ठेव. आणि ठेवलेलीच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरव, पांढरा, मऊ." ते केलं, एमएसकॉन्फिगमधली मर्यादा काढली. चालू करताना आकडा ६५५३६ वर थांबला. एनएफएस लावला तर पहिल्याच वळणावर गाडी हाताबरोबर वळली. मी मामांना व्हिडिओ कॉल करून मोबाइल मॉनिटरसमोर धरला, तर ते काही बोलायच्या आधी मागून मामी म्हणाली, "अगंबाई, हा तर आपला आवाज!" तिला इंजिनाचा आवाज लक्षात होता. सुट्टीभर स्वयंपाकघरात तोच ऐकू यायचा.

तुमचं आणखी एक सांगणं इथे लिहून ठेवते, नाहीतर हे वाचून कुणीतरी सरसकट रॅम उपटायला लागेल. हा प्रकार ठरावीक बोर्डांचा आहे. ४३० एफएक्स, व्हीएक्स आणि टीएक्स या तिन्हींना ६४ एमबीची मर्यादा आहे. ४३० एचएक्सवर जादा टॅग रॅम असेल तर मर्यादा ५१२ एमबीपर्यंत जाते. पेंटियम टूपासून हा कॅशे मदरबोर्डवरून उठून प्रोसेसरच्या कार्ट्रिजमध्ये गेला, त्यामुळे तिथे चिपसेटचा हा जाच नाही. आणि ज्याच्या कामाला खरोखर ६४ पेक्षा जास्त मेमरी लागते, त्याने ती काढू नये. कॅशे नसलेली रॅमसुद्धा डिस्कपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान. माझ्यासारखी त्या काळचे खेळ खेळणारी असेल तर ६४ पुरे.

काका, तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावत होतात आणि प्रत्येक वेळी आधीचा आकडा वहीत लिहून घ्यायला सांगत होतात. मला सुरुवातीला ते संथ वाटायचं. आता ऑफिसमध्ये काही बिघडलं की मी तसंच करते, आणि शेजारच्या टेबलवरची पोरंही ती वही मागायला लागली आहेत. कुणा अनोळखी मुलीच्या जुन्या खेळासाठी रात्री जेवण थांबवून फोनवर बसलात, चिपचे फोटो डोळ्यांजवळ धरून वाचलेत, आणि "पैशाचं नाव काढायचं नाही" म्हणालात. हे ऋण मी मानते आणि मानत राहीन.

काढलेली ३२ ची पट्टी काळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवली आहे. मामांचा निरोप आहे की दिवाळीनंतर घराचं काम संपेल, तेव्हा तुम्ही आणि काकूंनी मिरजेला यायचंच. त्यांच्या शेजाऱ्यांकडे एक व्हीएक्स बोर्डाचं मशीन निघालं आहे, तेही म्हणे रॅम वाढवल्यापासून बसलेलं. मी त्यांना आधी डॉस आणि विंडोज दोन्हीकडचे आकडे काढून ठेवायला सांगितलं आहे.

काकूंना नमस्कार. तब्येतीची काळजी घ्या.

तुमची कृतज्ञ,
मिरजेच्या मामांची भाची
पुणे