सूचना : हितसंबंध आणि भेटींची नोंद

सर्व सभासदांना नमस्कार.

९ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी दिन जवळ आला आहे. फलक, घोषणा, शपथा होतीलच; त्याआधी आपापली नोंदवही उघडा. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार २००३ सालचा. त्याचं ८वं कलम लोकसेवकांच्या आचारसंहितेचं आहे. बाहेरचं काम, गुंतवणूक, मालमत्ता, मोठ्या भेटी, यातून हितसंबंध आड येत असेल तर ते जाहीर करण्याची व्यवस्था असावी, असं त्यात म्हटलंय.

गाडी अडते ती साध्या ठिकाणी. निविदा उघडायला बसलो आणि लिफाफ्यावर मेहुण्याच्या भागीदाराचं नाव दिसलं. ‘मी निष्पक्षच राहीन’ असं मनाशी म्हणून भागत नाही. तिथेच ‘माझा संबंध आहे’ असं इतिवृत्तात लिहून घ्यायचं, बैठकीतून उठायचं, त्या फाइलवर सही करायची नाही. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही (सोयीनं म्हणा हवं तर).

भेट परत केली तरी तारखेसह नोंदवा.

आणि हो, तक्रारदाराचं नाव या गटात कुणीही टाकू नये, अंदाजानंसुद्धा नाही. त्याच्या संरक्षणाचा विषय त्याच कराराच्या ३३व्या कलमात आहे.

– सचिव