सिंधुदुर्गावरच्या काकी, तुमचा तांब्या आमच्याकडे आहे

काकी, साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून हे असं जाहीर पत्र. किल्ल्यावरच्या किंवा मालवणातल्या कुणी वाचलं तर तुम्हाला वाचून दाखवतील.

एप्रिलमधली ती दुपार. तटावर चढायच्या पायऱ्यांपाशी माझ्या आईला भोवळ आली. चूक माझीच. एकाहत्तर वर्षांच्या बाईला भर बाराच्या उन्हात कोण फिरवतं? बाटली रिकामी, आणि होडीवाल्याने दिलेला तासही संपत आलेला. तुम्ही पडवीतून हाक मारलीत, "गो बाय, आवशीक सावलेत हाड आधी!"

चटई टाकलीत, मीठ घालून कोकमाचं सरबत दिलंत. मुलाला धक्क्यावर पिटाळलंत, होडीवाल्याला सांगायला. मी बावळटासारखी पर्स उघडली, तर म्हणालात, "पाण्याचे कसले पैशे?" अजून लाज वाटते.

आईबद्दल तेव्हा सांगता आलं नाही. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, सांगलीकडे. चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिवरायांचा इतिहास शिकवला. कुरटे बेट, 1664 साली मुहूर्ताचा दगड, पायात ओतलेलं शिसं, 1667 ला पुरा झालेला किल्ला, सगळं तोंडपाठ. पण समुद्र पाहिला तोच पन्नाशीनंतर, आणि सिंधुदुर्ग त्या दिवशी पहिल्यांदा. होडीत माझा हात घट्ट धरून बसली होती. दरवाजा पार जवळ जाईपर्यंत दिसला नाही, तेव्हा मात्र भीती विसरून म्हणाली, "बघ, मी पोरांना खोटं नव्हते सांगत!"

म्हणूनच बरं वाटल्यावर तुम्ही तिला दूधबावेवर नेलंत, ते माझ्यासाठी सरबतापेक्षा मोठं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही नावं तिने फळ्यावर किती वेळा लिहिली असतील. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, हे पोरांना पटायचं नाही म्हणे. तुम्ही पोहरा वर काढलात, तिने ओंजळभर पाणी प्यायलं, आणि मग तुमची परीक्षाच घेतली: मे महिन्यात पाणी किती खाली जातं, उपसा कोण करतं, धुणं कुठे धुता? तुम्ही न कंटाळता उत्तरं दिलीत. शिवराजेश्वराचं देऊळ आणि चुन्यातले महाराजांच्या हातापायाचे ठसे आम्ही घाईतच पाहिले. तिची तक्रार नाही.

वाटेसाठी तुम्ही भरून दिलेला फिरकीचा तांब्या गडबडीत आमच्या पिशवीतून सांगलीला आला. पाणी आईने तीन दिवस पुरवलं. तांब्या चिंचेने घासून ठेवलाय. आता पावसाळ्यात होड्या बंद. दिवाळीनंतर घेऊन येतो, या वेळी सकाळच्या पहिल्या होडीने. सोबत सांगलीची हळद आणि बेदाणे. त्यांना नको म्हणू नका.

तुमची,
मास्तरीणबाईंची मुलगी