उद्यमनगरचं काउंटर

बर्लिन,
१४ नोव्हेंबर

ती. आप्पांना,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही परत विचारलंत, "पण तू तिथं नेमकं करतेस काय?" मी म्हटलं, पॅकेज मॅनेजर. तर तुम्ही, "म्हणजे पॅकिंग खात्यात मॅनेजर व्हय?" आई मागनं हसली आणि मी विषय बदलला. नंतर रुखरुख लागली. उभा जन्म उद्यमनगरात स्पेअर पार्ट विकण्यात गेलेल्या माणसाला माझं काम सांगता येऊ नये म्हणजे कमाल झाली. म्हणून आज सविस्तर लिहिते.

प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशोब करणं, फोटो लहान करणं अशा कामांचे तयार तुकडे कुणी ना कुणी लिहून ठेवलेले असतात. लेथवाला बेअरिंग घरी घडवत नाही, तुमच्याकडं येतो, तसंच. हे तुकडे म्हणजे पॅकेजेस. एकेकाला आणखी दहा लागतात, त्या दहांना आणखी. कुठला कशाला बसतो ते बघून सगळं आणून देणारा तो पॅकेज मॅनेजर. प्रोग्राम लिहायच्या एका नव्या, लहानशा भाषेसाठी आम्ही तिघं तो बनवतोय.

तुम्ही ६२०५ म्हटलंत की कुठल्याही कंपनीचं असो, आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. आकडाच बोलतो. आमच्याकडं पॅकेजच्या आवृत्तीला तीन आकडे असतात, २.४.१ असे. शेवटचा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी भर, आणि पहिला वाढला तर सावधान, जुनं बसेलच असं नाही. पण हा नुसता शब्द आहे, आप्पा. तो पाळला का हे मोजायला व्हर्नियर नाही. कुणी शेवटचा आकडा वाढवून आतलं भोकच बदलतो आणि दुसऱ्या देशात कुणाचं तरी इंजिन बंद पडतं. म्हणून एकदा जमलेल्या जोडणीचे आकडे आम्ही एका फायलीत जसेच्या तसे गोठवून ठेवतो. तुमच्या लाल वहीत कुठल्या गिऱ्हाइकाच्या मशीनला काय बसवलं ते असतंय की नाही? तीच वही.

आता खरं दुखणं. समजा 'तारीख' नावाचं एक पॅकेज आहे. एका पॅकेजला त्याची पहिली आवृत्ती लागते, दुसऱ्याला दुसरी. मेळ बसवायचा. पॅकेजेस शेकड्यानं असली की हे कोडं इतकं किचकट होतं की ते हमखास झटपट सोडवणारी युक्ती आजवर कुणाला सापडलेली नाही. २०१८ साली डार्ट नावाच्या भाषेसाठी पबग्रब ही पद्धत निघाली. तिचं मला आवडतं ते हे, की मेळ बसला नाही तर का बसला नाही याची सगळी साखळी ती धरून ठेवते. बाकीची बरीच साधनं तोंडावर 'जमत नाही' म्हणून मोकळी होतात.

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मी अशाच एका साधनापुढं तीन दिवस बसले होते. पडदाभर लाल अक्षरं. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, पण मला वाटलं आपल्याला हे झेपत नाही, परत यावं कोल्हापूरला. चूक माझी नव्हतीच, हे कळायला दोन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात आम्ही एका विद्यार्थ्याला आमचं साधन वापरायला बसवलं आणि मागं गप्प उभे राहिलो. अडलं तिथं चाळीस ओळींचा संदेश आला. आम्ही मोठ्या अभिमानानं लिहिलेला. त्यानं फक्त शेवटची ओळ वाचली, मान खाजवली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. मला तुमचं काउंटर आठवलं. कागलचा कुणी शेतकरी फडक्यात गुंडाळून झिजलेला बुश घेऊन येतो, आणि मामा तो हातात फिरवत म्हणतात, "ह्यो आता मिळायचा न्हाई. पर इंजिन जुनं आसंल तर ह्ये बसतंय. न्हाईतर लेथवर करून घ्या, उद्याच्याला मिळंल." काय नाही, का नाही, आता काय करायचं, तीन वाक्यांत. मी तो संदेश फाडून नवा लिहिला. मराठीत असा होईल:

'नकाशा' जोडता आलं नाही. त्याला 'तारीख' २ लागते, पण तुमचं 'हिशोब' 'तारीख' १ वरच चालतं. 'हिशोब' ३ घेतलंत तर दोन्ही जमेल. घ्यायचं असल्यास ही ओळ टाका.

आणि ती ओळ सगळ्यात खाली, कारण नजर तिथंच जाते.

आज्ञेच्या शब्दावरून तर दोन दिवस भांडलो. पॅकेज आणायला 'ॲड' म्हणायचं की 'इन्स्टॉल'? रस्ट नावाच्या भाषेत दोन्ही आहेत आणि अर्थ वेगळे, नवखा हमखास फसतो. शेवटी मी म्हटलं, दुकानात कुणी 'बेरिंग' म्हणालं म्हणून आपण परत पाठवतो का? दोन्ही शब्द चालू द्यायचे ठरलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूरचा रस्ता तुटला, आठवतंय ना? आमच्याकडं तसा पूर मार्च २०१६ मध्ये आला होता. लेफ्ट-पॅड म्हणून एक अकरा ओळींचं पॅकेज होतं, अक्षरांच्या डावीकडं रिकामी जागा भरणारं, बस्स. लिहिणाऱ्यानं वादावादीत ते काढून घेतलं आणि जगभर हजारो प्रकल्पांची कामं अडली. काही तासांत ते परत ठेवलं म्हणून निभावलं. म्हणून आमचा नियम असा, की एकदा मांडलेला माल मागं घेता येत नाही. सदोष निघाला तर नव्या गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, जुन्याचा पुरवठा मात्र तोडायचा नाही. शिवाय आणलेलं प्रत्येक पॅकेज घरीही साठवायचं, इंटरनेट गेलं तरी चालावं म्हणून. आई पावसाळ्याआधी बेगमी करते, त्यातलाच प्रकार. इथल्या सहकाऱ्यांना बेगमी शब्द शिकवलाय, जर्मन तोंडातून फार गोड वाटतो.

डुप्लिकेट मालाचंही आहेच. महाद्वार रोडवर नकली चपला खपतात तशी इथं नावातलं एक अक्षर बदलून खोटी पॅकेजेस ठेवतात. त्यावर उपाय अजून अर्धवट आहे, पुढच्या पत्रात.

वरचा संदेश मामांना वाचून दाखवा आणि त्यांना कुठं अडतंय ते कळवा. 'हिशोब ३' म्हणजे काय असं ते विचारतील बहुतेक. तसं झालं तर मला ते वाक्य बदलावं लागेल.

आईला सांगा, कांदा-लसूण चटणी संपली. या वेळी डबा दोन पिशव्यांत बांधा, मागच्या खेपेला सगळ्या स्वेटरना तेल लागलं. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते फोनवर टाळलंत, ते लिहून पाठवा.

तुमची,
थोरली