फिनिक्सच्या चिमणीखाली भेटलेल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. लोअर परळला फिनिक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या फिनिक्स गिरणीच्या जागी आता मॉल आहे त्याच्या, फाटकाशी आजोबांचा जुना फोटो हातात धरून उभी होते, ती पाटणकडची मुलगी मी. "कुणाला शोधतेस गं पोरी?" असं विचारलंत आणि सगळी दुपार मला दिलीत.

माझ्या आईचे वडील, अण्णा, या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते. मला तेवढंच माहीत होतं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अण्णा गावी आले आणि पुन्हा मुंबईला गेलेच नाहीत. गिरणीचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही. त्यांच्या माघारी का होईना, ती जागा एकदा बघावी म्हणून मी आले होते. आत दोन चकरा मारल्या. दुकानं, कॉफीचा वास, खरेदीच्या पिशव्या. गिरणी काही सापडेना. परत फिरणार होते.

तुम्ही मला मान वर करायला लावलीत. चिमणी तिथेच होती! दोनदा तिच्या खालून गेले होते मी.

मग मथुरादास मिलच्या आवारात नेलंत. एका हॉटेलावरचं जुनं छप्पर दाखवलंत, करवतीच्या दात्यांसारखं. त्याच्या काचा उत्तरेकडे का, तर उजेड यावा पण ऊन येऊ नये. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून आत मुद्दाम दमट ठेवायचे. त्या दमटीत, उडणाऱ्या कापसात आठ तास उभं राहायचं, आणि तुमच्यासारख्या बदली कामगाराने रोज फाटकाशी येऊन आज काम मिळतंय का याची वाट बघायची. हे सगळं तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या सांगितलंत. मोटारींचे हॉर्न वाजत होते, तरी तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

त्यावरूनच पुढचं निघालं. तुम्ही म्हणालात, "साचेवाला मोठ्यानेच बोलणार." शेकडो साचे एकदम चालायचे, आडवा धागा नेणारे धोटे धडाधड इकडून तिकडे जायचे, शेजारच्याच्या कानाशी तोंड नेलं तरी शब्द कळायचा नाही. ओठ बघायचे, हाताने खुणा करायच्या. वर्षानुवर्षं त्यात काढली की कानही जातात आणि घरी आल्यावर आवाज खाली येत नाही.

काका, आमचे अण्णा ओरडून बोलायचे. पाणी मागितलं तरी घर दचकायचं. आई लहानपणी त्यांच्यासमोर जायला घाबरायची, आम्ही नातवंडंही लांबच राहिलो. तापट माणूस, असंच सगळा गाव म्हणायचा. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ते टक लावून बघायचे, त्याचीही आम्हाला भीती वाटायची.

डिलाईल रोडवरची चाळ तुम्ही दाखवलीत. गाववाल्यांची एक खोली, तीन पाळ्यांची माणसं, एक उठून कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. जेवण खानावळीत. तिथून गिरणीच्या फाटकापर्यंत तुम्ही मला चालवलंत, भोंगा झाल्यावर चालायचे तसं, झपाझप. मी मागे पडत होते. तो रविवार होता. हा रविवारसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून मिळवला, १८९० साली, हे मला तुमच्याकडून कळलं.

गिरण्यांच्या जमिनीबद्दल मात्र तुम्ही थोडकंच बोललात. १९९१च्या नियमात शहराची मैदानं, लोकांची घरं आणि मालक असे तीन वाटे होते. २००१मध्ये ते फक्त मोकळ्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ला सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. तिथे कॉफी पिणाऱ्या पोरापोरींवर माझा राग नाही. माझी मैत्रीण तिथल्याच ऑफिसात कामाला आहे. पण साचाखातं कुठे होतं हे सांगणारी एक पाटी मला दिसली नाही, आणि ते मला लागलं. तुम्ही भेटला नसतात तर मी चिमणीसुद्धा न बघता गेले असते.

तुम्ही मला चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. उलट स्टेशनपर्यंत सोडायला आलात, गाडीत जागा मिळाली का ते फलाटावरून बघितलंत.

त्या रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अण्णा माझ्यावर रागावलेले नसायचे?"

हे उत्तर तिला साठाव्या वर्षी मिळालं, तुमच्यामुळे. तुमचे आभार कसे मानू, काका?

दिवाळी झाली की आईला घेऊन येते. दुपारी चारला तुम्ही त्याच टपरीवर असता म्हणाला होतात. तिला अण्णांच्या खोलीपासून फाटकापर्यंत चालायचं आहे. तिचे गुडघे दुखतात, तेवढं जरा हळू चालू या.

तुमची,
पाटणची पोरगी