मोंबासाला निघालेल्या मनूस

चिपळूण

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी मलेरियाच्या गोळ्यांचं तिसऱ्यांदा विचारलं आणि तू "बाबा, मी थर्ड ऑफिसर आहे, शाळेच्या सहलीला नाही चालले" म्हणून फोन ठेवलास. तुझं रागावणं बरोबर होतं. आज लिहायला बसलोय ते गोळ्यांबद्दल नाही. तुझं जहाज मुंद्र्याहून मोंबासाला निघणार हे कळल्यापासून मला झोप नाही, आणि त्यात आनंदही आहे, तो सांगायचा राहून गेला.

1971 साली आम्ही तिथून 'करंजा' बोटीने आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. अण्णांची हार्बरमधली जागा तिथल्याच माणसाला द्यायची ठरली होती. अण्णांना ते कधी चूक वाटलं नाही. देश त्यांचा, 1963 ला स्वतंत्र झालेला, नोकऱ्याही त्यांच्याच, असं म्हणायचे. आजी मात्र मुंबईत उतरेपर्यंत कुणाशी बोलली नाही. माळ्यावरच्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगातलं 'मोंबासा' अजून वाचता येतं. तू लहानपणी त्यात लपायचीस.

मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात शिरताना उजवीकडे, स्टारबोर्डला लाइटहाउस दिसेल. रविवारी संध्याकाळी गुजराती, पंजाबी, गोवेकर, आम्ही, सगळे तिथे हवा खायला यायचो. निखाऱ्यावर भाजलेला मोगो, म्हणजे कसावाचा कंद, मधोमध चिरून त्यात लिंबू-तिखट भरून देत. शहाळ्याला मडाफू म्हणत. अण्णा मला आत येणारी जहाजं मोजायला लावायचे. आता आत येणाऱ्या जहाजाच्या ब्रिजवर माझी मुलगी असेल. काल बाजारात मी हे तीन जणांना सांगितलं, त्यातल्या एकाला तर मी धड ओळखतही नव्हतो.

गोदीत कुणी तुला 'दादा' म्हणालं तर बिचकू नकोस. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. बाबा मात्र बाबाच. बाळू मला काका म्हणायचा, आयाकडून शिकलेला.

बाळूचं नाव येऊ द्यायचं नव्हतं. 1967 चा मे महिना, तिथला मोठा पाऊस चालू होता. तीन दिवस नुसता ताप. पावसात भिजला असेल, उतरेल, असंच घरात सगळे म्हणत राहिले. अण्णांची रात्रपाळी होती. चौथ्या दिवशी त्याने मला ओळखलं नाही. नंतर त्याला कुठे नेलं हे मी अण्णांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

म्हणून म्हणतो मनू. तो डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, आणि बंदरात रात्रीची कार्गो वॉच तुझ्याही वाट्याला येणारच. पूर्ण बाह्यांचा बॉयलर सूट घाल, उकडलं तरी. ताप लगेच येत नाही. आठवड्याने येतो, कधी महिन्यानेही, आणि तेव्हा तू भर समुद्रात असशील, डॉक्टर नाही. क्रोसिन घेऊन वॉचला उभी राहू नकोस. सेकंड ऑफिसरला त्याच तासाला सांग, टेस्ट करून घे. मुलगी आहे म्हणून कुरकुरते असं कुणी म्हणेल, या भीतीने तू दुखणं लपवतेस. बारावीच्या परीक्षेत काय केलंस ते मी विसरलेलो नाही.

पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर. यलो फीव्हरची लस, पिवळं कार्ड, सगळं तू मी सांगायच्या आधीच केलंयस, हे तुझी आई मला रोज ऐकवते. तुझी काळजी घ्यायला तू समर्थ आहेस. मलाच सहा वर्षांचं असल्यासारखं होतंय.

शोअर लीव्ह मिळाली तर फोर्ट जीझस बघ. आपल्या वसईसारखाच पोर्तुगीजांचा, पण प्रवाळाच्या दगडातला. त्याच्या पलीकडे जुनं बंदर आहे, तिथे अण्णा मला कच्छची गलबतं दाखवायला नेत. डिसेंबरात कासकाझी वाऱ्यावर यायची आणि कुसी सुटला की परत फिरायची. हे वारे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. माझं भूगोलाचं ज्ञान अण्णांच्या बोटाला धरून जितकं झालं तितकंच. अंधार पडायच्या आत गँगवे चढ, एवढंच.

लाइटहाउसचा फोटो काढता आला तर काढ. वॉचवर असशील तर नको.

तुझा,
बाबा

ता. क. आजीला मी फक्त 'आफ्रिका' सांगितलं होतं. तिने गावाचं नाव विचारलं नाही, उठून देवापाशी गेली. आज सकाळी आपणहून म्हणाली, "मनू तिथून निघणार कधी?" मी तारीख सांगितली, तर बोटांवर पुढचे आठवडे मोजत बसली. मलेरियाची ती डॉक्सीची गोळी बंदर सोडल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. चिडू नकोस.